कंट्रोल लेनमध्ये पण डीएनए तुटतोय? आधी पाणी तपास, मग सिंगलेट ऑक्सिजनचं बघू

प्रश्न थोडक्यात असा आहे. एमएस्सीचा प्रोजेक्ट, कॉपरचा एक कॉम्प्लेक्स (धातूला बांधलेला सेंद्रिय रेणू, त्या रेणूला लिगँड म्हणतात) बनवलाय, पीयूसी19 प्लाझ्मिडमध्ये (बॅक्टेरियातल्या गोल डीएनएमध्ये) टाकून 365 नॅनोमीटरचा दिवा अर्धा तास मारतो आणि मग जेल रन करतो (विजेने डीएनए जेलमधून सरकवून त्याचे प्रकार वेगळे बघतो). कॉम्प्लेक्सच्या लेनमध्ये प्लाझ्मिड तुटतं, तेच हवं होतं. पण नुसता डीएनए आणि लाइट असलेल्या कंट्रोल, म्हणजे तुलनेच्या लेनमध्ये पण निक्ड बँड (एक साखळी तुटलेल्या प्लाझ्मिडचा पट्टा) वाढलेला दिसतो. सोडियम अझाइड टाकलं की कॉम्प्लेक्सचं कटिंग कमी होतं, म्हणून गाइड म्हणतात की सिंगलेट ऑक्सिजन (लाइटमुळे तयार होणारा, उत्तेजित अवस्थेतला ऑक्सिजन) मेकॅनिझम लिहून टाक. लिहू का? आणि जाता जाता विचारलंय की उन्हात आपल्या त्वचेत पण हेच होतं का.

नको लिहूस. निदान आत्ता तरी नको. अरे-तुरे करतेय, राग मानू नकोस, माझी स्वतःची पोरं तुझ्यापेक्षा मोठी आहेत, आणि हा जो कंट्रोलमधला निक्ड बँड आहे ना त्याने माझ्या पीएचडीचं जवळजवळ एक वर्ष खाल्लंय त्यामुळे त्याच्याशी माझं जुनं वैर आहे.

आधी एक साधी गोष्ट डोक्यात पक्की कर. 365 चा लाइट डीएनएला दिसतच नाही. डीएनएचं शोषण 260 ला जास्तीत जास्त, तिथून उतरत जातं आणि 320 च्या पुढे नावापुरतंच उरतं. म्हणजे तुझ्या ट्यूबमध्ये खरंच फक्त शुद्ध प्लाझ्मिड, शुद्ध बफर आणि शुद्ध पाणी असेल तर 365 खाली अर्धा तास काय, जेवून आलास तरी जेलवर फारसा फरक पडायला नको. फरक पडतोय म्हणजे ट्यूबमध्ये तिसरं कोणीतरी आहे जे लाइट पितंय आणि त्याचा राग डीएनएवर काढतंय. दिवा स्वस्तातला असेल, फिल्टर जुना असेल तर मर्क्युरीच्या 313 आणि 254 च्या लाइन्स गळत असतील हे पण शक्य आहे, पण 254 ने मुख्यतः थायमिन डायमर होतात (डीएनएचे शेजारचे दोन बेस एकमेकांना चिकटतात) आणि डायमरमुळे साखळी तुटत नाही, बँड जागचा हलत नाही. तुझ्याकडे बँड हललाय, म्हणजे साखळी तुटलीय, म्हणजे रॅडिकलचं (सुटा इलेक्ट्रॉन घेऊन फिरणाऱ्या भांडखोर रेणूचं) काम आहे असा पहिला संशय घ्यायचा.

हे तिसरं कोण? माझ्या अनुभवात दहातल्या सात-आठ वेळा लोखंड. तू टाकलेलं नाहीस, तरी असतं. फॉस्फेट बफरच्या पावडरीत असतं, मिठात असतं, पाण्यात असतं, स्टीलच्या स्पॅच्युलावरून येतं, हॅमिल्टन सिरिंजच्या सुईतून येतं. मायक्रोमोलरच्या घरात असतं आणि तेवढं पुरतं. बाकी वेळा रायबोफ्लेविन (प्लाझ्मिड वाढवताना एलबीमध्ये, म्हणजे बॅक्टेरियाच्या खाद्यात, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट घालतोस ना, त्यात ते भरपूर असतं, प्रेप घाईत केलं की मागे राहतं) आणि कधीकधी चक्क एथिडियम, डीएनए दिसावा म्हणून जेलला लावतात तो रंग, कारण जेल हाताळलेल्या ग्लव्हजनीच पोरं बफरची बाटली उघडतात. एथिडियम डीएनएमध्ये बसून लाइट पितं आणि निक करतं, त्यामुळे जेल नेहमी रन झाल्यावर स्टेन कर, आत घालून नको, आणि ट्रान्सइल्युमिनेटरवर (यूव्हीच्या पेटीवर) ठेवून गप्पा मारत बसू नको. फोटो काढ, बंद कर.

आता लोखंड आणि लाइटचं नातं. जुन्या इंजिनियरांच्या ऑफिसात निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांचे नकाशे असायचे, ब्लू प्रिंट म्हणतात ते, बघितलेत का कधी? तुमच्या पिढीने शब्दच ऐकला असेल फक्त. जॉन हर्शेलने 1842 मध्ये ती पद्धत काढली. कागदाला फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड लावायचं, वर नकाशा ठेवायचा, उन्हात धरायचं. जिथे ऊन पडलं तिथे सायट्रेटला बांधलेलं फेरिक लोखंड (तीन प्लस) फेरस (दोन प्लस) होतं, आणि फेरस झालं की फेरिसायनाइडबरोबर गडद निळा रंग. रेघेखाली ऊन पोचत नाही, ती जागा धुतली की पांढरी. म्हणजे सायट्रेट, ऑक्झलेट, ईडीटीए असल्या कार्बोक्सिलेटवाल्या लिगँडला फेरिक आयर्न बसलं की यूव्हीए (320 ते 400 नॅनोमीटर, तुझा 365 त्यातलाच) आणि निळ्या लाइटमध्ये लिगँडवरचा इलेक्ट्रॉन धातूवर उडी मारतो, धातू फेरस होतो, लिगँड तुटून रॅडिकल होतो. हे इतकं भरवशाचं आहे की लाइट मोजायचं रासायनिक मीटरच त्यावर बनलंय, हॅचार्ड आणि पार्करचं 1956 चं फेरीऑक्झलेट अॅक्टिनोमीटर, 365 च्या आसपास एका फोटॉनमागे साधारण 1.2 फेरस आयन पडतात. एकापेक्षा जास्त, कारण तुटलेला ऑक्झलेटचा रॅडिकल जाता जाता दुसऱ्या फेरिकला पण रिड्यूस करून जातो. म्हणजे ज्या रिअॅक्शनने आपण दिवा मोजतो तीच रिअॅक्शन तुझ्या ट्यूबमध्ये गुपचूप चाललीय.

फेरस झाल्यावर पुढचं तुला पाठ असेल. फेरस ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देतं, सुपरऑक्साइड होतो, दोन सुपरऑक्साइड मिळून हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि पेरॉक्साइड परत फेरसला भेटलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल. फेन्टनने 1894 ला टार्टारिक अॅसिडवर हे बघितलं तेव्हा रॅडिकल वगैरे शब्द त्याच्या मनात पण नव्हता, हायड्रॉक्सिल रॅडिकलची गोष्ट हाबर आणि वाइस यांनी 1934 मध्ये मांडली. पण टिपिकल पुस्तकात जे सांगत नाहीत ते हे, की अंधारात हे चक्र अडकतं कारण फेरिकचं परत फेरस करायला कोणीतरी लागतं, अॅस्कॉर्बेट (व्हिटॅमिन सी), थायॉल (गंधकवाला रेणू), काहीतरी. लाइट असला की ते काम लाइटच करतो. रहाटाला बैल लाइटचा. म्हणून एक लोखंडाचा आयन शेकडो वेळा वापरला जातो आणि म्हणून मायक्रोमोलर पण जास्त होतं.

आणि मोजमापाच्या बाजूने बघ तर तुझी टेस्ट भलतीच हळवी आहे. पीयूसी19 म्हणजे 2686 बेसपेअर, दोन्ही साखळ्या मिळून 5372 फॉस्फेटचे जोड. त्यातला कुठलाही एक तुटला की सुपरकॉइलचा (न तुटलेल्या, पिळलेल्या प्लाझ्मिडचा) पीळ सुटतो आणि अख्खा रेणू निक्ड बँडमध्ये जाऊन बसतो. पाच हजारात एक! त्यामुळे डोळ्यांना दिसणारा बँड वाढणं म्हणजे फार मोठा हल्ला झाला असं नाही.

माझी गोष्ट सांगते. आमच्या जुन्या लॅबमध्ये पाणी डिस्टिलेशन युनिटचं यायचं, मेटलची टाकी, वर्षानुवर्षं कोणी उघडून बघितली नव्हती. माझी कंट्रोल लेन सकाळी स्वच्छ आणि दुपारी खराब यायची. मी आधी प्लाझ्मिडला दोष दिला, तीनदा नवीन प्रेप केलं, मग एन्झाइम, मग दिवा, मग स्वतःच्या नशिबाला. गाइड म्हणाले हात चांगला नाही तुझा. शेवटी एकदा पावसाळ्यात आठवडाभर ढग होते आणि त्या आठवड्यात सगळ्या लेन्स चकाचक आल्या, तेव्हा ट्यूब पेटली डोक्यात. माझं टेबल पश्चिमेच्या खिडकीशी होतं. दुपारी तीननंतर सरळ ऊन यायचं रॅकवर, माझा 'डार्क कंट्रोल' उन्हात पडलेला असायचा आणि पाण्यात लोखंड होतंच. टाकी उघडली तर आत गंजाचा थर. खिडकीची काच यूव्हीबी (यूव्हीएपेक्षा छोट्या तरंगलांबीचं यूव्ही) अडवते पण यूव्हीए बऱ्यापैकी आत सोडते हे मला थिअरीत माहीत होतं बरं का, व्हायवात सांगितलं पण असतं.

तर तू आधी पाणी आणि बफर तपास. यासाठी एक फार गोड टेस्ट आहे, आयोवाच्या बुएटनरने 1988 मध्ये दिलेली, अॅस्कॉर्बेट टेस्ट. सात पीएचच्या आसपास व्हिटॅमिन सी स्वतःहून हवेत फारसं ऑक्सिडाइज होत नाही, ते होतं ते लोखंड-तांब्यामुळे. मग क्युवेटमध्ये 3 मिली बफर घे, त्यात 100 मिलिमोलर अॅस्कॉर्बिक अॅसिडचा ताजा स्टॉक 3.75 मायक्रोलिटर, 265 नॅनोमीटरला शोषणाचं रीडिंग 1.8 च्या आसपास दिसेल, आणि 15 मिनिटं बघत बस. अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त पडलं तर बफरमध्ये धातू आहे. एवढंच. कुठलं महागडं मशीन नको, तुमच्या डिपार्टमेंटचा यूव्ही स्पेक्ट्रो चालतो. स्टॉक बनवताना स्टीलचा चमचा नको, प्लास्टिकचा घे, नाहीतर टेस्ट करता करता लोखंड घालशील.

बफर नापास झाला (होईल) तर चेलेक्स रेझिन (धातू पकडणारे मणी) घालून रात्रभर हळू ढवळ किंवा कॉलममधून काढ, नंतर पीएच परत तपास कारण चेलेक्स पीएच चढवतो. काचेची भांडी नायट्रिकने धू किंवा सरळ नवीन प्लास्टिकच्या ट्यूब वापर.

आता तू म्हणशील ईडीटीए (धातू पकडणारं केमिकल) टाकतो की, कशाला एवढं. इथेच बरेच जण फसतात. ईडीटीए तांब्याला बऱ्यापैकी गप्प करतं, पण लोखंडाला करत नाही. फेरिक-ईडीटीएमध्ये पाण्याला बसायला एक जागा उरते, तो कॉम्प्लेक्स पेरॉक्साइडबरोबर मजेत फेन्टन करतो, इतका मजेत की टुलियसच्या ग्रुपने 1980 च्या दशकात त्याच्यावर डीएनए फूटप्रिंटिंगची (प्रोटीन डीएनएवर कुठे बसतं ते शोधायची) अख्खी पद्धत उभी केली. वर तो लाइटमध्ये फुटतो पण, ब्लू प्रिंटवाल्या सायट्रेटसारखाच. आणि तुझं प्लाझ्मिड टीईमध्ये (ट्रिस आणि ईडीटीएच्या बफरमध्ये) ठेवलेलं असणार, म्हणजे 1 मिलिमोलर ईडीटीए त्यात आहेच, लोड करताना डायल्यूट होऊन थोडं उरतं. तुझ्या कॉपर कॉम्प्लेक्समधलं कॉपर पण ते ओढून घेऊ शकतं, ते वेगळं लफडं. लोखंड खरंच बंद करायचं तर डेस्फेरिऑक्सामिन वापर, तेच जे थॅलेसेमियाच्या पोरांना अंगातलं जास्तीचं लोखंड काढायला देतात. ते लोखंडाला सहाही बाजूंनी मिठी मारतं. 50-100 मायक्रोमोलर टाकून तुझी 'डीएनए + लाइट' लेन स्वच्छ झाली तर चोर सापडला. आणि प्लाझ्मिड टीईमधून काढून चेलेक्स केलेल्या पाण्यात घे.

आता अझाइड. हा माझा आवडता राग आहे, पेपर रिव्ह्यू करायला येतात त्यातल्या अर्ध्यांमध्ये हेच असतं: अझाइडने कटिंग कमी झालं, म्हणून सिंगलेट ऑक्सिजन, डीएमएसओने (हे सॉल्व्हंट हायड्रॉक्सिल रॅडिकलला खातं) कमी झालं, म्हणून हायड्रॉक्सिल, एक टेबल, दोन ओळी, झाला मेकॅनिझम. अझाइड सिंगलेट ऑक्सिजनला खातं हे खरं, पण हायड्रॉक्सिल रॅडिकलला ते त्यापेक्षा किमान वीसपट वेगाने खातं. दोन्हीत कमी येणारच. शिवाय अझाइड कॉपरला बसतं, कॉन्सन्ट्रेटेड मिसळलं तर रंग बदललेला डोळ्यांना दिसतो. म्हणजे तू कॉम्प्लेक्सच बदलून टाकलास आणि म्हणतोस बघा सिंगलेट ऑक्सिजन. हिस्टिडीन टाकणारे तर त्याहून भारी, हिस्टिडीन कॉपरला इतकं घट्ट धरतं की ते स्कॅव्हेंजर (रॅडिकल खाणारं) कमी आणि चेलेटर (धातू पकडणारं) जास्त. एसओडी, कॅटालेज (सुपरऑक्साइड आणि पेरॉक्साइड मोडणारी एन्झाइम) टाकताना पण एक लेन उकळून मारलेल्या एन्झाइमची आणि एक नुसत्या बीएसएची (साध्या प्रोटीनची) ठेव, कारण कुठलंही प्रोटीन धातू पकडतं आणि रॅडिकल पण खातं.

उलट बाजू पण आहे. स्कॅव्हेंजर टाकून काहीच कमी झालं नाही तर लोक लिहितात हायड्रॉक्सिल रॅडिकल नाही. तसं पण नसतं. हायड्रॉक्सिल रॅडिकलचं आयुष्य इतकं छोटं की पेशीत तो काही नॅनोमीटरच्या पलीकडे जातच नाही, डीएनएची जाडीच 2 नॅनोमीटर आहे. कॉपर जर ग्वानिनला (डीएनएच्या चार बेसपैकी एकाला) चिकटून बसलं असेल आणि रॅडिकल तिथेच जन्माला आला तर बाहेर पोहणाऱ्या मॅनिटॉलला (हा पण स्कॅव्हेंजरच) कळायच्या आत काम झालेलं असतं. घरातला चोर आणि वॉचमन गेटवर.

आणि स्वतःची ट्यूब नीट बघ जरा. बफर ट्रिस आहे ना? 10 मिलिमोलर ट्रिस स्वतः हायड्रॉक्सिलचा स्कॅव्हेंजर आहे. कॉम्प्लेक्सचा स्टॉक कशात विरघळवलायस, डीएमएसओत? ट्यूबमध्ये शेवटी 1 टक्का डीएमएसओ राहिलं तरी ते 0.14 मोलर झालं, तुझ्या डीएनएच्या हजारो पट. सगळ्या लेन्समध्ये आधीच स्कॅव्हेंजर ओतून बसलायस आणि मग एका लेनमध्ये 'डीएमएसओ टाकलं' असं लिहितोस. या सगळ्यात पण तुझा कॉम्प्लेक्स कापतोय म्हणजे एकतर रॅडिकल डीएनएच्या कुशीत तयार होतोय किंवा तो मोकळा हायड्रॉक्सिल नाहीच, धातूला बांधलेली दुसरीच कुठली ऑक्सिडाइझ करणारी अवस्था आहे. हे जास्त इंटरेस्टिंग आहे रे सिंगलेट ऑक्सिजनपेक्षा. आणि हो, कॉम्प्लेक्स नसलेल्या लेनमध्ये पण तेवढंच डीएमएसओ टाकत जा, नाहीतर तुलनेला अर्थ नाही, कदाचित तुझी 'डीएनए + लाइट' लेन वाईट दिसतेय ती तिथे डीएमएसओचं संरक्षण नाही म्हणूनच.

सिंगलेट ऑक्सिजनवर माझा मूळ आक्षेप याच्याही आधीचा आहे. सिंगलेट ऑक्सिजन थेट साखळी तोडण्यात कच्चा आहे. तो ग्वानिनवर जातो, 8-ऑक्सोग्वानिन वगैरे करतो, बेस बिघडतो पण साखळीचा कणा शाबूत राहतो. साखर-फॉस्फेटचा कणा तोडायला साखरेवरचा हायड्रोजन ओढून काढावा लागतो, ते काम हायड्रॉक्सिलसारख्याचं. तुला जेलवर सरळ निक दिसतोय, ना पायपरिडीन (बिघडलेल्या बेसपाशी साखळी तोडणारं केमिकल) टाकलंय, ना एन्झाइम. मग सिंगलेट ऑक्सिजन मुख्य आरोपी कसा? खरंच बघायचं असेल तर लाइट मारून झाल्यावर अर्धं सॅम्पल एफपीजी एन्झाइमबरोबर ठेव, ते 8-ऑक्सोग्वानिन शोधून तिथे साखळी कापतं. एफपीजीने निक खूप वाढले तर बेसचं नुकसान भरपूर झालेलं होतं जे तुझ्या साध्या जेलला दिसतच नव्हतं. हायड्रॉक्सिलचे पण बहुतेक वार बेसवरच बसतात, साखरेवर साधारण पाचातला एक, म्हणजे साधं जेल कायम नुकसान कमीच दाखवतं.

दुसरी चाचणी जड पाण्याची (हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेलं पाणी). सिंगलेट ऑक्सिजनचं आयुष्य साध्या पाण्यात 3-4 मायक्रोसेकंद, जड पाण्यात साधारण 65 च्या वर. त्यामुळे जड पाण्यात बफर बनवून कटिंग चांगलं वाढलं तर संशयाला जागा आहे, नाही वाढलं तर विषय संपला. जड पाणी फार महाग पडेल म्हणून घाबरू नको, 20 मायक्रोलिटरच्या रिअॅक्शनला असं कितीसं लागतंय, आणि आपल्याकडे रायगडात थळला तर त्याचा कारखानाच आहे. फक्त पीएच मीटर जड पाण्यात 0.4 ने कमी दाखवतो ते धरून बफर बनव. ऑक्सिजन काढून बघणं सगळ्यात चांगलं, पण एपेनडॉर्फमध्ये आर्गॉन बुडबुडवू नको, 20 मायक्रोलिटर उडून जाईल. रबरी बूच असलेली छोटी व्हायल, जास्त व्हॉल्यूम, आणि आर्गॉन आधी पाण्यातून काढून ओला केलेला.

आकडे काढताना टक्के लिहू नकोस नुसते. हे अगदी थोडक्यात: सुपरकॉइल 80 वरून 40 टक्क्यांवर आलं आणि दुसऱ्या लेनमध्ये 40 वरून 20 वर, तर पहिल्यात 40 तुटले दुसऱ्यात 20 असं नसतं, दोन्हीकडे नुकसान सारखंच, प्रत्येक प्लाझ्मिडला सरासरी 0.69 निक. सुरुवातीचा भाग भागिले उरलेला भाग, त्याचा नॅचरल लॉग. प्रेपमध्ये आधीच असलेले निक त्यात आपोआप वजा होतात. सुपरकॉइल एथिडियम कमी पकडतं त्यामुळे त्या बँडची तीव्रता 1.4 च्या आसपासच्या फॅक्टरने गुणतात, तुझ्या जेलसाठी तो स्वतः काढ, एक प्लाझ्मिड एका जागी कापून तेवढंच वजन शेजारी लोड करून. आणि सुपरकॉइल अजून भरपूर उरलेलं असताना लिनियर बँड (दोन्ही साखळ्या तुटून सरळ झालेलं प्लाझ्मिड) दिसला तर जपून ठेव तो जेल, कारण सुटेसुटे निक योगायोगाने समोरासमोर यायला खूप निक पडावे लागतात. फ्रायफेल्डर आणि ट्रम्बो यांचं 1969 चं गणित आहे त्यासाठी. लवकर लिनियर येतंय म्हणजे दोन्ही साखळ्या एकाच फटक्यात जातायत.

लेन्स तर सांगायच्याच राहिल्या. लाइटमध्ये आणि अंधारात, दोन्हीकडे: नुसता डीएनए (डीएमएसओसकट), डीएनए आणि कॉपर क्लोराइड, डीएनए आणि नुसता लिगँड, डीएनए आणि कॉम्प्लेक्स. हे आठ झाल्याशिवाय स्कॅव्हेंजरला हात लावू नकोस. कॉपर क्लोराइडची लेन का, तर 20 मायक्रोमोलरला तुझा कॉम्प्लेक्स अख्खा राहतो कशावरून, थोडं कॉपर सुटून डीएनएला नाहीतर ट्रिसला जाऊन बसलं असेल. आणि लिगँडची लेन कारण बऱ्याचदा लाइट पिणारा लिगँडच असतो, कॉपर नाही. कॉपर दोनचा डी-नऊ, एक सुटा इलेक्ट्रॉन, तो उत्तेजित अवस्था पटकन विझवतो, सिंगलेट ऑक्सिजन बनवायला लागते तशी लांब टिकणारी ट्रिप्लेट नावाची उत्तेजित अवस्था त्याच्या शेजारी जगणं अवघड. तुझ्या गाइडना हे सांग, पण माझं नाव घेऊ नको.

अंधारातल्या लेनमध्ये कापलं गेलं तर निराश होऊ नको. सिगमनने 1979 मध्ये कॉपर-फेनँथ्रोलिनने डीएनए कापला तो लाइटशिवायच, रिड्यूस करणारं थायॉल टाकून. तुझ्या लिगँडमध्ये गंधक आहे का, सिंथेसिसमधलं काही रिड्यूसिंग एजंट मागे राहिलंय का ते बघ. लाइट आणि अंधाराचा फरक खरा कसा दिसतो त्याचं माझ्या मते सगळ्यात सुंदर उदाहरण ब्लिओमायसिनचं आहे, उमेझावांनी 1966 मध्ये जपानमध्ये शोधलेलं, अजूनही कॅन्सरला वापरतात. लोखंड बसवलं की ते अंधारात, हवेतल्या ऑक्सिजनवर डीएनए कापतं. त्याच रेणूत कोबाल्ट तीन बसवला की अंधारात थंड, ढिम्म, आणि लाइट पडला की कापायला लागतं, हे चँग आणि मीअर्सनी 1982 मध्ये दाखवलं. रेणू तोच, धातू बदलला आणि सगळं वागणं बदललं. कॉपर आणि इतर 3डी (लोखंड-कोबाल्टच्या ओळीतल्या) धातूंवर आपल्याकडे बंगलोरच्या आयआयएससीमध्ये अखिल चक्रवर्तींच्या ग्रुपने भरपूर काम केलंय, लाल लाइटमध्ये डीएनए कापणारे कॉम्प्लेक्स. लाल का, तर यूव्ही त्वचेत फार आत जात नाही आणि स्वतःच नुकसान करतं, औषध म्हणून वापरायचं तर लाल हवा. त्यांचे पेपर वाच, मुख्यतः कंट्रोल्स कसे लावलेत ते बघायला.

आता उन्हाचं. जमिनीवर पोचणाऱ्या यूव्हीमध्ये साधारण 95 टक्के यूव्हीए असतं. यूव्हीबी थेट डीएनएमध्ये शोषलं जातं आणि डायमर करतं. यूव्हीए पण थोडे डायमर करतं, पण त्याचं बरंचसं नुकसान अशाच मधल्या दलालांकडून होतं, फ्लेविन, पॉर्फिरिन, आणि हो, लोखंड. पेशीत लोखंड मोकळं फिरत नसतं, फेरिटिनच्या कोठारात बंद असतं. पूरझँद आणि टायरेल यांनी इंग्लंडमध्ये बाथला 1999 मध्ये दाखवलं की त्वचेच्या फायब्रोब्लास्ट पेशींवर यूव्हीए मारला की काही वेळातच मोकळं लोखंड वाढतं. म्हणजे लाइट एकीकडून पेरॉक्साइड बनवतो आणि दुसरीकडून कोठाराचं दार पण उघडतो. पेशीत पेरॉक्साइडचं नुकसान लोखंडातूनच होतं हे त्याआधी 1988 मध्ये इम्ले, चिन आणि लिन यांनी ई. कोलायवर दाखवलं होतं, लोखंड चेलेट केलं की तेवढ्याच पेरॉक्साइडमध्ये बॅक्टेरिया कमी मरतात. तर हो, तत्त्व तेच. पण तुझ्या ट्यूबमध्ये दुरुस्ती करणारं कोणी नाही, पेशीत आहे, त्यामुळे जेलवरचा बँड बघून थेट कॅन्सरवर उडी मारू नको. थीसिसच्या इंट्रोडक्शनमध्ये सगळे मारतात ती वेगळी गोष्ट.

हळदीचं पण कोणीतरी विचारेलच म्हणून सांगून टाकते, कर्क्युमिन अँटिऑक्सिडंट आहे असं सगळे म्हणतात, आहे पण, पण कॉपर शेजारी असलं की तेच कर्क्युमिन कॉपर दोनचं एक करतं आणि डीएनए तुटतो. अलीगढ मुस्लिम युनिव्हर्सिटीत एस. एम. हादींच्या ग्रुपने क्वेर्सेटिन आणि कर्क्युमिन दोन्हीवर हे दाखवलंय. लाइटमध्ये तर कर्क्युमिन बॅक्टेरिया मारतं. म्हणून 'माझा अँटिऑक्सिडंट टाकला आणि कटिंग वाढलं, प्रयोग चुकला' असं म्हणणाऱ्या पोरांना मी नेहमी सांगते की प्रयोग चुकला नाही, तुझ्या बफरमधलं तांबं बोललं.

तर उद्या लॅबमध्ये गेलास की दिव्याला हात लावू नको. व्हिटॅमिन सी वजन कर, क्युवेट धू, 265 ला 15 मिनिटं बस. तुमच्या पाण्याचा एक आकडा, बफरचा एक, आणि चेलेक्स केलेल्या बफरचा एक, तिन्ही इथे टाक. आणि तुझं टेबल कुठल्या खिडकीशी आहे ते पण सांग.